डोंगरामागची वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखादीने प्रवासाच्या चार गोष्टी सांगाव्यात, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी ग्रीस देशाला जाऊन आले हे कळल्यावर चिटणीसबाई मला म्हणाल्या, "अथेन्सची देवळे, पुतळे, समुद्र, जे पाहिलेत ते सांगा." पण खरे सांगायचे तर देवळे मी एका दिवसात उरकली. उरलेले आठ दिवस मी डोंगरात होते, आणि तेही धावणाऱ्या तीन बायकांच्या मागे! तेव्हा आज मी देवळांऐवजी धावण्याबद्दल आणि वाटांबद्दल बोलणार आहे. आपण सांभाळून घ्यालच.

आमची सून पहाटे पाचला उठून धावायला जाते, हे आपल्या आळीत सर्वांना ठाऊक आहे. सडकेवर धावते तोवर मी काही बोलत नव्हते. पण दोन वर्षांमागे ती रानवाटांनी धावू लागली. याला हल्ली 'ट्रेल रनिंग' म्हणतात. आपल्याकडे सिंहगड, राजगड, तोरणा या वाटेवरही अशा शर्यती होतात. मला ते पटले नाही. नोकरी आहे, घर आहे, दोन मुले आहेत; मग काट्याकुट्यांतून, दगडधोंड्यांतून धावायचे कशाला? पाय मोडला तर कोणी निस्तरायचे? मी तिला हे एकदा नव्हे, दहादा ऐकवले. ती उलट बोलली नाही, पण धावायचीही थांबली नाही. त्या एका विषयापुरता आमच्यात अबोलाच होता म्हणा ना!

2024 च्या सप्टेंबरात ती आणि तिच्या दोन मैत्रिणी ग्रीसच्या डोंगरात धावायला निघाल्या. तिने मला विचारले, "आई, तुम्ही चला ना सोबत. तुम्ही चाला, आम्ही धावू." चिरंजीव म्हणाले, मुलांचे मी बघतो. मी होकार दिला, पण कौतुकाने नव्हे. हिच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी असावे, एवढाच माझा हेतू.

ग्रीसच्या वायव्येला, आल्बेनियाच्या सरहद्दीजवळ पिंडस नावाची पर्वतरांग आहे. तिथल्या योआनिना शहराच्या उत्तरेला झागोरी हा मुलूख लागतो. झागोरी या शब्दाचा अर्थच मुळी 'डोंगरामागचा मुलूख'. तिथे 46 गावे मोजतात, आणि ती सारी दगडाची. भिंती चुनखडीच्या दगडाच्या, छपरे पाटीच्या दगडाच्या कपच्यांची, अंगण दगडी, गल्ली दगडी. गावाच्या मध्यभागी चौक, चौकात चर्च आणि भलामोठा चिनार वृक्ष. त्याच्या सावलीत म्हातारी माणसे बसलेली. आपल्याकडचा पारच तो, फक्त वड-पिंपळाच्या जागी चिनार! 2023 साली युनेस्कोने या मुलखाची जागतिक वारसा म्हणून नोंद केली.

या गावांना जोडणाऱ्या ज्या दगडी पायवाटा आहेत त्यांना तिकडे 'काल्देरिमी' म्हणतात. मी पहिल्या दिवशी ती वाट पाहिली आणि मनात म्हटले, ही तर आपली पाखाडी! आपला दगड जांभा, तांबडा. त्यांचा करडा, पांढुरका. पण बांधणीची अक्कल तीच. चुना-सिमेंट न वापरता दगडाला दगड अडकवून बसवायचा. चढावर ठरावीक अंतराने उभ्या दगडांची आडवी ओळ द्यायची, म्हणजे लादलेल्या खेचराचा पाय घसरत नाही आणि पावसाचे पाणीही वाट धुऊन नेत नाही. बिनचुन्याच्या या दगडी रचनेची कला युनेस्कोने 2018 साली वारशाच्या यादीत घेतली. तेव्हा ती ग्रीससह युरोपातल्या आठ देशांची सामायिक नोंद होती. आपल्या गवंड्यांना हे सांगितले तर ते हसतील. त्यांच्या आज्याला हे येत होते.

पहिले दोन दिवस आम्ही किपी गावाच्या आसपासचे दगडी पूल पाहिले. एक आहे एकाच कमानीचा, 1750 सालचा, दोन कड्यांच्या मध्ये उभा. दुसरा तीन कमानींचा, 1814 सालचा; लांबून पाहावे तर सुरवंट पाठ उंचावून चालला आहे असे वाटते. हे पूल कोणा राजाने बांधले नाहीत. कोणी पैसेवाल्या गावकऱ्याने, कोणी मठाच्या प्रमुखाने पैसे घातले.

आणि हा पैसा आला कुठून? इथे मला आपले कोकण आठवले. झागोरीत शेतीला जमीन बेताची. तुर्की अमलात तिथले पुरुष व्यापाराला आणि कामधंद्याला रुमानिया, कॉन्स्टँटिनोपल, रशियापर्यंत जात. वर्षानुवर्षे परत येत नसत. तिकडून पैसा पाठवीत, त्यातून घरे, शाळा, पूल उभे राहत. गावात राहत त्या बायका, मुले आणि म्हातारे. भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणींच्या आया-आज्यांनी मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट पाहत जन्म काढला, हे मी सांगायला नको. माझे वडील गिरणीत होते. गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे. बाकीचे दिवस आमची आई आणि ती पाखाडी.

तिसऱ्या दिवशी कापेसोवो गावाहून व्रादेतोच्या पायऱ्या चढलो. व्रादेतो हे झागोरीतले सर्वांत उंचावरचे गाव, सुमारे 1,340 मीटरवर. कड्याच्या अंगाने नागमोडी वळणे घेत सुमारे 1,100 दगडी पायऱ्या वर जातात. 1973 साली मोटाररस्ता झाला, तोपर्यंत गावात जायला हीच वाट. धान्य, मीठ, औषध, नवरी, आजारी माणूस, सगळे याच पायऱ्यांवरून.

मला वाटले होते, सूनबाई आणि तिच्या मैत्रिणी या पायऱ्या धावत चढतील आणि मी खाली बसून राहीन. तसे काहीच झाले नाही. "आई, चढावर कोणी धावत नाही," ती म्हणाली. "चढ चालायचा, सपाटीला धावायचे, उतारावर पाऊल लहान करायचे." खरेच त्या तिघी गुडघ्यांवर हात ठेवून संथपणे चढत होत्या, आणि मी त्यांच्या मागोमाग. निम्म्यावर गेल्यावर मला दम लागला, तेव्हा तिने मला बसवले, पाणी दिले आणि म्हणाली, "बोलता येईल इतपतच दम लागू द्यायचा. बोलता येईना झाले की थांबायचे." मी आयुष्यभर शाळेत मुलींना कवायत शिकवली, पण हे इतके साधे सूत्र मला कोणी सांगितले नव्हते.

ती आणखीही काही सांगत गेली. ओला चुनखडीचा दगड साबणासारखा निसटतो, त्यावर धावायचे नाही. डोळे पावलावर नव्हेत, पावलापुढच्या चार हातांवर ठेवायचे. धनगरांचे कुत्रे दिसले की धावणे थांबवून सावकाश चालायचे. या धावण्यात वेगापेक्षा शहाणपणच जास्त लागते, हे मला तेव्हा प्रथम कळले. जुलै महिन्यात तिथल्या त्सेपेलोवो गावी या वाटांवर मोठी शर्यत भरते. त्यात 10 किलोमीटरपासून 80 किलोमीटरपर्यंत टप्पे असतात. आमच्या मुली शर्यतीला नव्हे, नुसत्या वाटा धावायला आल्या होत्या.

चौथ्या दिवशी एका गावाच्या वरच्या अंगाला दाट झाडी दिसली. बाकीच्या उतारावर तुरळक झाडे आणि इथेच जुने, जाड बुंध्यांचे ओक. विचारले तेव्हा समजले, ते देवाचे रान. झागोरीत कित्येक गावांच्या वर असे राखीव रान आहे. त्यातले झाड तोडील त्याला चर्च बहिष्कृत करील, असा पूर्वी धाक असे. कारण उघड आहे: वरचे रान गेले तर दरड खाली येणार, पावसाळ्यात लोंढा घरात शिरणार. 2015 साली ग्रीसने झागोरी आणि शेजारच्या कोनित्सा भागातल्या या रानांची आपल्या सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंद केली. मी मनाशी म्हटले, ही त्यांची देवराई. आपल्याकडे देवाचा कोप, त्यांच्याकडे चर्चचा बहिष्कार. दोघांचीही राखण धाकानेच झाली, पण राखली गेली.

आता मुख्य गोष्ट सांगते.

सहाव्या दिवशी मुलींना विकोसची घळ उतरून जायचे होते. रुंदीच्या मानाने जगातली सर्वांत खोल घळ म्हणून तिची गिनीज बुकात नोंद आहे. मोनोदेंद्री गावाहून वाट खाली उतरते. वरच्या भागात उन्हाळ्यात नदीचे पात्र कोरडे असते, नुसते गोटे. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये दाट झाडी. बऱ्याच अंतरावर विकोस गावाखाली वोइदोमातिस नदीचे झरे फुटतात. पाणी इतके निर्मळ आणि गार की पाऊल घातले तर ओढून घ्यावेसे वाटते. तिथून पापिंगो गावाला चढायचे. चालणाऱ्याला हे सगळे सहा-सात तासांचे. मुली म्हणाल्या, आम्ही चार तासांत येतो. मी मोटारीने डोंगराला वळसा घालून पापिंगोला गेले आणि वाट जिथे गावात शिरते तिथे दगडी कट्ट्यावर बसले.

चार तास झाले. पाच झाले. फोन लागेना. सहा झाले. भगिनींनो, आईचे मन कसे असते ते आपण जाणता. सासूचेही तसेच असते, हे मला त्या दिवशी कळले. मी देवाचे नाव घेत होते आणि मधूनमधून तिला सुनवायचे बोल जुळवीत होते.

समोरच्या घरातून एक आजीबाई बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, काळा पोशाख, डोक्याला काळा रुमाल. मला बघून आत गेल्या आणि एका ताटलीत चमचाभर मुरंबा आणि पेलाभर पाणी घेऊन आल्या. आल्यागेल्याला असे साखरेत मुरवलेले फळ आणि पाणी द्यायची तिकडे जुनी रीत आहे. आपला गूळपाणीच तो! त्यांना माझी भाषा येईना, मला त्यांची. पण शेजारी बसल्या. थोड्या वेळाने त्यांची नात आली, तिला इंग्रजी येत होते. मी सांगितले की सून आणि मैत्रिणी घळीत धावायला गेल्या आहेत, उशीर झाला आहे. नातीने ते आजीला सांगितले. आजीबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी आपल्या पाठीवर हात मारला, वरच्या डोंगराकडे बोट केले आणि बोलू लागल्या. नात अर्थ सांगत गेली.

28 ऑक्टोबर 1940 रोजी इटलीच्या सैन्याने आल्बेनियाच्या बाजूने ग्रीसवर चाल केली. लढाई पिंडसच्या डोंगरात झाली. थंडी, चिखल, पुढे बर्फ. गाड्या वर जाऊ शकत नव्हत्या. तेव्हा या गावांतल्या बायकांनी दारूगोळ्याच्या पेट्या, भाकरी, कांबळी पाठीवर बांधून डोंगर चढून आघाडीवर नेली, आणि परतताना जखमींना आणले. आजीबाईंची आईही त्यांत होती, वय जेमतेम वीस. पुढे 1943 साली जर्मन सैन्याने झागोरीतली अनेक गावे जाळली, तेव्हा याच वाटांनी माणसे रानात पळाली. 'पिंडसच्या बायका' म्हणून त्या स्त्रियांचे नाव आज सगळ्या ग्रीसमध्ये घेतात. आस्प्रांगेली गावी त्यांचे स्मारक आहे, ते आम्ही परतताना पाहिले.

आजीबाई शेवटी एवढेच म्हणाल्या, "माझी आई या वाटेने जन्मभर ओझे घेऊन चढली. रिकाम्या पाठीने ती वाट कशी लागते, हे तिला ठाऊक नव्हते."

भगिनींनो, मला एकदम माझी आई दिसली. डोक्यावर तांदळाचे बोचके, हातात रॉकेलचा डबा, आणि ती पाखाडी चढते आहे. मी तिला त्या पाखाडीवर कधी उगीच चालताना पाहिले नाही. आणि दुसरेही आठवले, जे मी पन्नास वर्षे कोणाला सांगितले नव्हते. शाळेत मी धावण्यात पहिली येत असे. तेरावे वर्ष लागले आणि आई म्हणाली, "आता पुरे. मोठी झालीस." मी थांबले. राग आला नाही. तसेच असते असे वाटले. आणि तेच शब्द, थोडे चांगले कपडे घालून, मी माझ्या सुनेला दहा वेळा ऐकवले होते!

सात तास होऊन गेले तेव्हा वाटेच्या वळणावर त्या दिसल्या. एका मैत्रिणीचा घोटा गोट्यांवर मुरगळला होता. ती काठीच्या आधाराने लंगडत होती, दुसरी तिला हाताने सावरीत होती, आणि आमच्या सूनबाईच्या पाठीवर तिघींच्याही पिशव्या होत्या. घळ धावून काढायची म्हणून ती दोन वर्षे तयारी करीत होती, आणि प्रत्यक्षात तासभर धावली आणि उरलेली सगळी वाट मैत्रिणीबरोबर चालली.

माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, उशीर झाला. रागावू नका."

जुळवून ठेवलेले बोल कुठे गेले कोण जाणे. मी म्हटले, "आधी पाणी पी." आजीबाईंनी तोवर आतून आणखी तीन ताटल्या आणल्या होत्या.

रात्री मी तिला विचारले, "तुझे धावणे राहिले, वाईट वाटले का?" ती म्हणाली, "थोडे वाटले. पण मैत्रिणीला सोडून धावण्यासाठी नव्हते आले ना मी." मग मी तिला माझ्या शाळेतल्या धावण्याची हकीकत सांगितली. ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "मग उद्या सकाळी चला. सपाटीवर पाचशे पावले धावू." आणि आम्ही धावलो. माझी पाचशे झाली नाहीत, दीडशे झाली. कोणी बघितले नाही. बघितले असते तरी चालले असते!

आता कोणी म्हणेल, ओझे वाहणाऱ्या बायका कुठे आणि हौसेने धावणाऱ्या कुठे? दोघींची तुलना कशाला? मीही हाच विचार पुष्कळ केला. ओझ्याची मला थोरवी गायची नाही. कोणाच्याही पाठीवर तसे ओझे पुन्हा येऊ नये. पण ज्या वाटेवर आपल्या आयांनी ओझे वाहिले, त्या वाटेवर त्यांच्या लेकीसुनांनी मोकळ्या पाठीने जावे, यात त्या आयांचा अपमान नाही. मला तर वाटते, त्यांचे काहीतरी येणे राहिले होते, ते त्यात फिटते. आणि वेळ आली तर त्याच पाठीवर दुसरीची पिशवीही चढते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

दुसरी गोष्ट वाटांची. झागोरीतही आज कुलूपबंद घरे पुष्कळ आहेत. हिवाळ्यात काही गावांत मोजकी माणसे उरतात. मोटाररस्ते झाले तशा कित्येक काल्देरिमी झुडपांत गेल्या. ज्या राहिल्या त्या चालणाऱ्यांमुळे आणि धावणाऱ्यांमुळे राहिल्या. लोक येतात म्हणून गावकरी झुडपे तोडतात, निखळलेला दगड पुन्हा बसवतात, पाहुण्यांना चार खोल्या देतात. वाटेची निगा दगडाने होत नाही, पावलांनी होते.

आणि आपली पाखाडी? वरच्या वाडीपासून बाजारापर्यंतची आपली पाखाडी आपण सगळ्या जाणतो. सडक झाली, रिक्षा आल्या, आणि तिच्याकडे कोणी वळेना. मी परत आल्यावर मुद्दाम जाऊन पाहिली. खालचा भाग घाणेरीने आणि करवंदीने भरला आहे. मध्ये नळ टाकताना चिरे उखडले ते तसेच पडून आहेत. एके ठिकाणी सिमेंट ओतले आहे, तिथे पावसात पाय ठरत नाही. पण वरचा भाग, देवराईला लागून असलेला, आजही जसाच्या तसा आहे. एक चिरा हललेला नाही.

तेव्हा मंडळापुढे माझी एक सूचना आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दोन तास आपण पाखाडीला द्यावेत. झुडपे आपण तोडू. उखडलेले चिरे बसवायला जाणता गवंडी बोलवू, आणि सिमेंट न वापरता बसवायला सांगू. त्याच्याकडून आपल्या मुलांनी-मुलींनी ते काम शिकून घ्यावे. देवराईतली फांदीही तोडायची नाही. पाखाडी मोकळी झाली की तिच्यावर ज्यांना चालायचे त्यांनी चालावे, ज्यांना धावायचे त्यांनी धावावे. आमची सून मुलींना धावायला शिकवायला तयार आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून यावे, आणि येऊन कट्ट्यावर बसल्या तरी चालेल. मुरंबा आणि पाणी घेऊन बसणारे कोणीतरी लागतेच!

आणि एक विनंती, सासवांना आणि आयांना. उद्या कोणाची लेक किंवा सून पहाटे बूट घालून पाखाडीकडे निघाली, तर "कशाला?" असे विचारू नका. "कधी येशील?" एवढेच विचारा. मलाही हे शिकायला फार उशीर लागला.

पहिला रविवार येत्या आठवड्यात आहे. सकाळी सात वाजता, पाखाडीच्या पायथ्याशी. येताना कोयती आणि पाण्याची बाटली आणावी.